राउटर बदलल्यापासून भजन खुललं

३ मार्च, सकाळी ७
महिनाभर फोनवरचं भजन स्पीकरवर बसक्या आवाजात वाजतंय. टाळ तर गायबच. स्पीकर पुसला, देवापुढे दिवा लावून पुन्हा ऐकलं. तेच. सूनबाई म्हणाली, आई, टाळ वाजताहेत की चांगले खणखणीत, तुम्ही एकदा कान दाखवून या. कान देवाने दिलेत. त्यांत खोट असती तर त्यानेच कळवलं असतं. दोष इंटरनेटचा आहे. यूट्यूबवरच्या व्हिडिओतल्या गृहस्थांनी स्पष्ट सांगितलंय, जुन्या राउटरमधून गाण्यात कचरा येतो.
संकल्प: घरात कचरा ठेवणार नाही.

५ मार्च
नवा राउटर आणला. चार अँटेनांचा. मी साबणाचा उरलेला तुकडा नव्या वडीला चिकटवणारी बाई, तेव्हा हा खर्च नव्हे, बचत आहे. वहीत ‘धार्मिक’ या सदरात मांडला. लावताक्षणी आवाज खुलला. टाळ अजून नाहीत, पण वाटेत असावेत.
धूळ बसू नये म्हणून जुन्या पडद्याचं कव्हर शिवलं. झालरीसकट.

८ मार्च
राउटरला निळी जाड वायर आणली. कव्हरला वायरीपुरती बाही जोडली. हे पस्तीस वर्षं पोस्टमन होते. म्हणाले, पत्र मी चालत नेलं काय नि सायकलवरून नेलं काय, आतलं अक्षर बदलत नसे. वायरीचंही तेच, तिने फक्त पोचवायचं. मी म्हटलं, पावसात शाई फुटायची ते विसरलात वाटतं. तर म्हणाले, इंटरनेटवर शाई फुटलेलं पत्र टाकून देतात आणि नवी प्रत मागवतात, तेही तू ‘अहो’ म्हणायच्या आत. सूनबाईने पढवलेलं दिसतंय.
आवाज आणखी खुलला.

१० मार्च
सूनबाईने परीक्षा घेतली. मी डोळे मिटून बसायचं, ती कधी जुना राउटर लावणार, कधी नवा, मी ओळखायचं. दहापैकी पाच बरोबर. नाणं उडवलं असतं तरी पाच आले असते, असं हे म्हणाले आणि दोघं हसली.
मॅट्रिकला पस्तीस टक्क्यांना पास करतात. मला पन्नास पडले.

११ मार्च, दुपारी
लिहावंसं वाटत नाही, पण वहीत लपवाछपवी नको. सूनबाई औषधं आणायला गेली होती. छकुली, माझी सात महिन्यांची नात, आतल्या खोलीत झोपलेली. मी बाहेर भाजी निवडत होते, भजन मोठ्याने लावून. मोठ्याने लावल्याशिवाय ते खुलत नाही. सूनबाई परतली तेव्हा पोर रडून रडून लाल झालेली आणि शेजारीण दार वाजवून थकलेली. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं.
सूनबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, आई, एक तारखेपासून मी कामावर जाणार. कान तपासून घ्या, नाहीतर मी छकुलीला पाळणाघरात ठेवते.
माझी नात पाळणाघरात आणि मी घरात. ते होऊ देणार नाही. डॉक्टरकडेही जाणार नाही.

१४ मार्च
व्हिडिओ पुन्हा पाहिला. गृहस्थ म्हणतात, यंत्र मुरायला पंधरा दिवस लागतात. खरं आहे, नवी चप्पलही लागतेच की सुरुवातीला. आज गाणाऱ्या बाईचा श्वाससुद्धा ऐकू आला.

१९ मार्च
आज टाळ ऐकू आले. निदान यायच्या बेतात होते. शेजारीण म्हणते, तिने तीनदा बेल वाजवली. बेलही वायफायवर असणार. हे म्हणाले, बेल सेलवर चालते. ह्यांना प्रत्येक गोष्टीत काड्या घालायच्या असतात.

२४ मार्च
सूनबाईने पाळणाघराचा फॉर्म आणला. तातडीच्या वेळी कोणाला कळवावं, असा एक रकाना होता. तिने तिथे शेजारणीचा नंबर लिहिला. मी शेजारीच बसले होते.
फॉर्म तिच्या हातातून काढून घेतला. उद्या जाते म्हटलं. ही माघार नाही. डॉक्टरचं मत खोडून काढायला चालले आहे.

२५ मार्च, संध्याकाळी
डॉक्टरीणबाईंनी पाच मिनिटांत दोन्ही कानांतून मळाचे खडे काढले आणि बशीत घालून दाखवले. बाहेर पडले तर माझ्याच चपला केवढ्या वाजत होत्या.
घरी येऊन भजन लावलं. टाळ असे कडाडले की आवाज निम्मा करावा लागला. ह्यांना म्हटलं, बघा, मुरला शेवटी राउटर.
ह्यांनी उठून कव्हर उचललं. खाली जुना राउटर, बाहीत जुनी पांढरी वायर. नवं सगळं हे बारा तारखेलाच दुकानात परत करून आले होते.
मागची पानं उलटली. चौदा तारीख. एकोणीस तारीख. वहीत खाडाखोड करायची नाही हा माझा नियम, आणि पान फाडलं तर कागद वाया जातो. राहू दे.
तेवढ्यात छकुली आत नुसती कुरकुरली. ह्यांच्या आणि सूनबाईच्या आधी मी उठले. सूनबाईने बघितलं. फॉर्म पाठकोरा होता, तो तिने मला सामानाची यादी करायला दिला.
कव्हर मात्र पुन्हा घातलं. जाड कापडाने आवाजाला गोलाई येते.