मथळ्यातला निरोप

११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

छबूबाई काल केमोला गेल्या नाहीत. त्यांचा मुलगा अंगद याने दुपारी फोनवर दुजोरा दिला. नगरच्या दवाखान्यात सगळं ठरलेलं, गाडी दारात उभी — आणि आई म्हणाली, आता कशाला? लीनाने औषध काढलंय. पेपरात आलंय.

पेपर आमचा. बातमी माझी.

डॉ. लीना मूळची श्रीगोंद्याची, पुण्यात पेशींवर संशोधन करते. छबूबाई तिची सख्खी आत्या. रविवारच्या अंकासाठी मी लीनाला भेटलो होतो. पिकल्या केळ्यावर बसतात ती चिलटं ती प्रयोगशाळेत वाढवते. एक पेशी शेजारणीला सांगते — वाढ, आता थांब, इथे पंखाची कड कर. त्या सांगण्यातून अंग घडतं. कॅन्सरमध्ये 'थांब' ऐकलंच जात नाही. ऐकणं कुठे तुटतं, त्यातला एक दुवा तिला सापडलाय. औषधाचं अजून नावही नाही.

पेशींच्या या 'सिग्नल'ला मी 'निरोप' लिहिलं. 'संकेत' म्हटलं की वाचक पान उलटतो. मी माझ्या शब्दावर खूश होतो.

रात्रपाळीला उपसंपादक केदार. पान छपाईला सोडायची घाई. त्याने मथळा दिला — 'कर्करोगाला निरोप. श्रीगोंद्याच्या कन्येचे संशोधन'. माझा निरोप सांगण्याचा. त्याचा, कायमचा घेण्याचा.

१२ नोव्हेंबर, बुधवार

केदारला विचारलं. म्हणाला, शब्द तुमचाच होता की, सर. बरोबर आहे. मजकुरात सगळं नीट आहे, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. मजकूर वाचतं कोण!

खुलासा छापायचं ठरलं. आतलं पान, चार ओळी. पहिल्या पानावर घ्या म्हटलं, तर संपादक म्हणाले, तिथे जाहिरात आहे. वाद घातला नाही. हल्ली दम पुरत नाही.

संध्याकाळी लीनाचा फोन. रागावली नाही, नुसती थकलेली. कुठून कुठून लोक विचारतायत, औषध कुठे मिळेल. प्रत्येकाला 'नाही' सांगतेय. पण आत्याला फोनवर 'नाही' म्हणणं जमणार नाही. शनिवारी येते म्हणाली. त्याआधी तुम्ही जाऊन या.

१३ नोव्हेंबर

खुलासा आला. एकाचाही फोन नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

श्रीगोंद्याला जाऊन आलो. उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडत. छबूबाई ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या, डोक्याला रुमाल. अंगदने खुर्ची दिली, चहा सांगितला. राग दाखवला असता तर सोपं गेलं असतं. डॉक्टरांनी फार खंड पडू देऊ नका म्हणून बजावलंय, सोमवारची वेळ दिलीय. माझं ऐकत न्हाई, तुमीच सांगा, म्हणाला.

सांगितलं. मथळा चुकला. लीनाचं काम अजून माश्यांवरच आहे, माणसांपर्यंत यायला वर्षं लागतील.

त्यांनी शेंगा फोडत सगळं ऐकून घेतलं. मग अंगदकडे बघून म्हणाल्या, "पोरगी पुन्याला चिलटं राखती व्हय? हितं काय कमी हुती?" अंगद हसला. मीही हसलो.

सोमवारचं काढलं, तशा गंभीर झाल्या. "छापलंय न्हवं? मग खोटं कसं असंल?" मी वेगवेगळ्या तऱ्हेने तेच सांगत राहिलो. त्या शेंगा सुपात टाकत राहिल्या. हट्टी बाई, असं मनात आलं.

अंगद गाडीपर्यंत आला. "पेपरावर लई इस्वास हाय तिचा," म्हणाला. टोमणा नव्हता. परतीच्या वाटेवर रेडिओ लावला नाही.

१५ नोव्हेंबर

लीना पोचली असेल. मुद्दाम फोन केला नाही. पाणीपुरवठ्याची बातमी होती, वेळेत दिली.

१६ नोव्हेंबर, रविवार

लीनाचा फोन आला. आत्यांनी खुलासा गुरुवारीच वाचला होता, चष्मा लावून. मथळ्यावर त्यांचा विश्वास कधी बसलाच नव्हता. "मला न्हाई घ्यायची आता सलाईन," लीनाला म्हणाल्या. "पन पोराला कसं सांगू? पेपरावर ढकललं तर त्याला लागत न्हाई."

अंगदला अजून माहीत नाही. त्याने उद्या सकाळची गाडी सांगून ठेवलीय. लीना मुक्कामाला थांबलीय. गाडी दारात आली, की त्या त्याला स्वतः सांगणार आहेत.