आढीतले अवोकॅडो

शुभंकर,

तुझे अवोकॅडो मी आंब्यांसारखेच आढीत पेंढ्यात घातले. आठ दिवसांत ना रंग आला ना वास. काळे पडले तेव्हा एक कापला आणि तू सांगतोस तसा मीठ, लिंबू, मिरची घालून पावावर फासून खाल्ला. एवढं सगळं घातल्यावर उकडलेला बटाटाही बरा लागतो. उरलेला बोक्यापुढे ठेवला, तर तो उठून पडवीत जाऊन झोपला.

आणि ह्याच्यासाठी तू बाबांनी कातळ फोडून लावलेली हापूसची तीन कलमं तोडणार.

भात-आमटी झाकून ठेवली आहे. मी खेडला मामाकडे जाते, डोकं ठिकाणावर आलं की फोन कर. कुऱ्हाड शोधत बसू नको, ती माझ्याबरोबर आहे.

आई