ह्यांच्या ओटीपोटातला गोळा

सोम. ३ मार्च
ह्यांना परत कळ. भायखळ्याच्या बाजारात डोक्यावरची टोपली टाकून तिथेच बसले म्हणे. संपात मिल गेली, आता हमालीही जाणार. सासूबाईंनी एरंडेल गरम करून ओटीपोट चोळायला घेतलं. बेंबीखाली गोळा लागतो हाताला. "वायगोळो आसा तो. चोळल्याशिवाय जावचो नाय." अर्धं लालबाग पोट चोळून घ्यायला त्यांच्याकडे येतं, मी कोण बोलणार! हे उशी चावत होते.

शुक्र. ७
लघवी लाल. अंगात ताप. सासूबाई पुन्हा तेल घेऊन बसल्या, मी वाटीच उचलली. बास झालं! परळला हॉस्पिटलात नेलं.

सोम. १०
रंगाचं इंजेक्शन देऊन फोटो काढला. तो गोळा म्हणजे किडनी. जन्मापासून खालीच राहिलेली. आत मुतखडा. आणि दुसरी किडनी नाहीच. एवढी एकच. म्हणजे आम्ही इतके दिवस चोळत होतो ते... शी!
घरी सांगितलं. सासूबाई खालीच बसल्या. "माका खय ठाऊक होता गो!" ओरडायचं नाही ठरवलं होतं. ओरडलेच.

शुक्र. १४
पोट फाडायला डॉ. तयार नाहीत, त्या किडनीच्या शिरा भलतीकडून आल्यात. लहान भोकं पाडून दुर्बिणीने आतडी बाजूला करणार, मग बघत बघत किडनीत नळी घालून खडा फोडणार. "पाठीतून नेहमी करतो. असं पोटातून पहिल्यांदाच." खोटं तरी बोलायचं, मेल्या! बिघडलं तर, विचारलं. सहीचा कागद पुढे सरकवला.
हे म्हणाले, "त्यांना आतलं दिसणार ना? मग झालं." ह्यांचं झालं. माझं काय? मला ह्यांच्याशिवाय जमायचं नाही.

सोम. १७
सकाळी आत नेलं, दुपारी बाहेर. खडा फुटला, तुकडे निघाले म्हणतात. पण किडनीत ठेवलेल्या नळीतून पिशवीत थोडं लाल पाणी आलं नि थांबलं. "किडनी सुजलीय. वाट बघू." कुठवर, ते सांगत नाहीत.
हे गुंगीत कण्हले, "आये, पोट..." सासूबाईंचा हात आपसूक पुढे गेला नि चटका बसल्यासारखा मागे आला. पदराखाली लपवला त्यांनी. मला राहवलं नाही. तो हात धरून ह्यांच्या कपाळावर ठेवला.
त्या तिथेच बसल्यात. मी खाली, लघवीच्या पिशवीपाशी. दिवे लागले. पिशवीत अजून नवा थेंब नाही.