इस्त्रीचं टेबल

४ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा खोटं बोलले. तेही चहाचा घोट घेता घेता, सहज.

स्टाफरूममध्ये चित्रकलेच्या बाईंनी बाबांची तब्येत विचारली. म्हटलं, खोकला जात नाही, जिना चढताना मध्येच बसावं लागतं. मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं अॅस्बेस्टॉसने गेलीत. नोकरीत असताना जहाजावरची धूळ छातीत बसली ती आता वर आली. बाई हळहळल्या. मग विचारलं, नौदलात कुठे होते? मी म्हटलं – इंजिन खात्यात.

बाबा धुलाईखान्यात होते. लढाऊ जहाजावरसुद्धा नाही, पुरवठ्याच्या. भर समुद्रात लढाऊ जहाजांना तेल, बटाटे आणि टपाल नेऊन देणारं जहाज. त्याच्या पोटातल्या एका खोलीत बाबा सगळ्यांचे कपडे धुवायचे आणि इस्त्री करायचे. बाबांना ह्यात काही वाटत नाही. “तोफा त्यांच्या, बटाटे आमचे,” असं हसून सांगतात. मला लाज वाटते. शाळेत असल्यापासून मी ‘इंजिन’ सांगत आले. आता जीभ आपोआप तिकडेच वळते.

आणि कालच सातवीतल्या एका मुलीला खोटं कारण दिलं म्हणून वर्गात उभं केलं होतं!

बाईंचा चेहरा एकदम खुलला. त्यांचे मामा अशाच जहाजांवर इंजिनचे अधिकारी होते म्हणे. “अशी जहाजं होती तरी किती? मामा ओळखतच असतील!” मी मान हलवली. ‘ओळखतील’ अशीच हलवली.

अक्षर नेहमीसारखं खडबडीत येतंय. टेबलाचा दोष. बाबा रिटायर झाल्यावर ह्याच टेबलावर गल्लीभरच्या कपड्यांना इस्त्री करायचे. संध्याकाळी इस्त्री उतरवली की ते माझं. वरून जाड कापडांचे थर, त्यामुळे पेन रुतून कागदाला भोक पडतं. आई म्हणते, आता तुझा पगार आहे, चांगलं टेबल घे. नको. पहिलीच्या पाढ्यांपासून सगळं इथेच झालं. इस्त्रीची ऊब राहिलेली असायची. पुष्कळदा त्यावरच गाल टेकून झोपायचे.

५ फेब्रुवारी, बुधवार

बाबांच्या अर्जावर निवृत्तांच्या वैद्यकीय मंडळाचं पत्र आलं. बाबांनी चष्मा शोधत शोधत ते माझ्याच हातात दिलं. घरात पत्रं वाचायची ती मीच.

बॉयलरवाले, फिटर, नळ्यांना वेष्टण घालणारे – ह्यांचा आजार नोकरीमुळे झाला असं धरता येतं. “धुलाई कर्मचारी: संपर्क संभवत नाही. पुरावा असल्यास सुनावणीत मांडावा.” सुनावणी एकोणीसला. मान्य झालं तर नौदलाच्या हॉस्पिटलात छातीचा खास विभाग, घरी ऑक्सिजनचं यंत्र, तपासायला नेहमीचे डॉक्टर. नाही तर आत्तासारखं – सरकारी दवाखान्याचा बाक, आणि दर वेळी नवा डॉक्टर पहिल्यापासून विचारणार, विडी ओढता का? बाबांनी उभ्या जन्मात ओढली नाही.

मी वाचून दाखवलं. ‘धुलाई’ ह्या शब्दावर आवाज आपोआप खाली गेला. घरात! आईबाबांसमोर! कुणापासून लपवत होते?

बाबा म्हणाले, जाऊ दे गं, बरोबरच लिहिलंय, मी आपला साबणाशी खेळलो. आणि बोलता बोलता खोकला आला तो थांबेचना.

८ फेब्रुवारी, शनिवार

बाईंचे मामा उद्या येणार. स्वतः. घरी! मेले मी.

९ फेब्रुवारी, रविवार

ठरवलं होतं, कोपऱ्यावरच त्यांना गाठायचं आणि सगळं सांगून टाकायचं. गेलेही. ते रिक्षातून उतरले – उंच, पांढरे केस, हातात काठी – आणि म्हणाले, “इंजिनवाल्याची मुलगी ना तू?” मी म्हटलं, हो, या. एवढंच. आणि पुढे चालू लागले, जणू मला फाशीलाच नेतायत.

बाबांनी सकाळीच स्वतःचा शर्ट इस्त्री करून ठेवला होता. अर्ध्यात दम लागला, बाह्या आईने केल्या, पण कॉलर कुणालाच करू दिली नाही. पाहुणे दारात आले तसे टेबलाला धरून उठले. मामांनी डोळे बारीक केले. मग काठी सोडून दोन्ही हात पुढे केले.

“अरे – कडक!”

“साहेब.”

एकाच जहाजावर होते! बाबांना तिथे सगळे ‘कडक’ म्हणायचे, हे मला आज कळलं. त्यांच्या हातची कॉलर कागदासारखी उभी राहायची म्हणून. बाबा म्हणाले, कडक आता पार मऊ झाला, साहेब. दोघं हसले. बाबांच्या हसण्याचा लगेच खोकला झाला, तो संपेपर्यंत साहेब खाली पाहत राहिले.

मग ते झालं. साहेब सरळ मनाने म्हणाले, “तुझी मुलगी म्हणाली इंजिन खात्यात. मी चार दिवस आमच्या पोरांचे चेहरे आठवतोय. तुझा कसा येणार त्यात!”

आई चहा ओतत होती, तिचा हात थांबला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग साहेबांना म्हणाले,

“तिचं बरोबरच आहे, साहेब. इंजिनची सगळी घाण माझ्याकडेच यायची ना.”

मी आत निघून गेले. पाणी आणायचं निमित्त. माठापाशी उभी राहून ऐकलं पुढचं.

साहेबांनी तो ‘घाण’ शब्दच धरला. मग एकेक आठवत गेले. वाफेच्या नळ्यांवरचं अॅस्बेस्टॉसचं वेष्टण दुरुस्तीला फोडायचे, पांढरा भुगा उडायचा, पोरं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी बाहेर यायची. एकमेकांना त्याचे गोळे करून मारायची सुद्धा. मग ओव्हरऑल काढून खाली धुलाईखान्यात. बाबा म्हणाले, मशिनची जाळी तुंबायची, म्हणून घालण्याआधी एकेक झटकायचो. कुठे झटकायचास, साहेबांनी विचारलं. तिथेच, बाबा म्हणाले, दुसरीकडे कुठे, खिडकी थोडीच होती.

साहेब हळू आवाजात म्हणाले, “आम्ही पाळी संपली की डेकवर हवेत जायचो. तू त्यातच राहायचास.” त्यांच्या इंजिनवाल्यांपैकी किती जण असे खोकत गेले, तेही सांगितलं. एकोणीसला ते साक्षीला येणार आहेत.

साहेबांना रिक्षापर्यंत पोचवायला गेले. कोपऱ्यावर फक्त म्हणाले, तुझा बाप चांगला माणूस आहे. मला माहीत नव्हतं, असंच वाटलं असेल त्यांना.

रात्री बाबांची माफी मागायला गेले. ते झोपले होते. की झोपल्यासारखं केलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

चित्रकलेच्या बाईंना खरं सांगितलं. सगळं, शाळेपासूनचं. त्या म्हणाल्या, “मामांनी सांगितलं काल. चहा घ्या, गार होतोय.” ओरडल्या असत्या तर सुटले असते.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी बाबांना साहेबांचा फोन. म्हणाले, माझी साक्ष आहेच, पण जहाज कधीच भंगारात निघालं, धुलाईखाना कुणी पाहिलेला नाही. मंडळ हातात धरता येईल असं काही मागणार. काही राहिलंय का तुझ्याकडे, टोपी, पट्टा, काही?

बाबांनी फोन ठेवला. मग एकदम माझ्या टेबलावर थाप मारली. “हे काय आहे मग!”

वरची जुनी चादर काढली. खालची काढली. त्याखाली एक जाड, करडं-पांढरं विणलेलं कापड, घोंगडीसारखं. ते थर मी जन्मभर पाहत आले, पण तळाशी काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं. एका कोपऱ्यात निळा शिक्का – जहाजाचं नाव, अजून वाचता येतं! नळ्यांना गुंडाळायच्या कापडातलं उरलेलं त्यांना इस्त्रीच्या टेबलासाठी दिलं होतं. कितीही तापलेली इस्त्री ठेवा, जळत नाही. जहाज सोडताना सगळ्यांनी काही ना काही आठवण नेली, बाबांनी हे.

हाच पुरावा! मी अक्षरशः नाचले. बाबासुद्धा किती दिवसांनी ताठ बसले.

पण काय कळकट! खळीचे डाग, इस्त्रीचे तपकिरी ठसे, माझ्या शाईचे ओघळ. एका कडेचे दोरे निघालेले – ते माझंच काम, पाठांतर करताना उपसायचे आणि फुंकर मारून उडवायचे. हे असं मंडळापुढे न्यायचं? आधीच ‘धुलाईवाला’ म्हणून नाक मुरडणार, त्यात त्याच्याच घरचं कापड असं? शिवाय धूळच वाईट म्हणतात, तर ती काढूनच नेलेली बरी. आई म्हणाली धुऊ या, पण शिक्का जाईल म्हणून मी नको म्हटलं. मागच्या अंगणात आईने दोन टोकं धरली, मी दोन, आणि झटकलं. मग दोरीवर टाकून काठीने बडवलं, ब्रश मारला. केवढा भुगा! आईचा पदर पांढरा झाला, दोघींना शिंकांवर शिंका. बाबा खिडकीतून शिकवत होते, असं नव्हे, मनगटातून झटका द्या, मनगटातून!

चांगली घडी घालून पिशवीत ठेवलंय. आता शोभेल.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मान्य झालं.

हे आधी लिहिते, कारण पुढचं लिहवेल की नाही माहीत नाही.

लांबट खोली, पलीकडे तिघं. मधल्या डॉक्टरीणबाई. सुरुवातीला त्या घड्याळ पाहत होत्या. साहेबांनी साक्ष दिली, चांगली दिली. मग विचारलं, अर्जदाराचं नोकरीत काम काय? मी उठून म्हटलं, माझे वडील जहाजावर कपडे धुवायचे. मोठ्याने म्हटलं. सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, फिटलं.

मग मी पिशवीतून कापड काढलं आणि त्यांच्या टेबलावर पसरलं. सुरकुती राहू नये म्हणून हाताने सारखं केलं.

डॉक्टरीणबाई खुर्ची मागे ढकलून उभ्या राहिल्या. “हात काढा. कुणी हात लावू नका त्याला.”

खिडक्या उघडायला लावल्या. शिपायाकडून जाड प्लास्टिकची पिशवी मागवली, तोंडाला मास्क लावून स्वतः कापड आत सरकवलं. मग बसल्या आणि अगदी हळू विचारलं, हे कुठे होतं इतकी वर्षं? मी म्हटलं, घरी, इस्त्रीच्या टेबलावर. इतकं स्वच्छ कसं? मी म्हटलं – अभिमानानेच म्हटलं की – मी आणि आईने झटकून आणलंय.

साहेबांनी डोळे मिटले.

“त्या टेबलावर आणखी कोण बसायचं?”

“मी. अभ्यासाला.”

“केव्हापासून?”

“पहिलीपासून.”

त्यांनी लिहून घेतलं. म्हणाल्या, वडिलांचं काम झालं, आता दुसरा पुरावा नको. मग आईचं नाव विचारलं. मग माझं.

मी बाबांकडे पाहिलं. ते हसतील असं वाटलं होतं. ते स्वतःच्या हातांकडे पाहत होते. कॉलर तशीच ताठ, मान मात्र पार खाली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

फरशीवर बसून लिहितेय. सकाळी पांढऱ्या पोशाखातली माणसं आली, टेबल प्लास्टिकमध्ये गुंडाळून घेऊन गेली. अंगण ओलं करून पुसलं, मागचं दार बंद ठेवायला सांगितलं. उद्या छातीचे फोटो – आईचा आणि माझा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ता काही दिसणार नाही बहुतेक, ही धूळ वर यायला वर्षं लागतात. दर वर्षी बघत राहायचं.

बाबा कालपासून माझ्याशी बोलले नव्हते. आत्ता दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत.

म्हणाले, “तू आपली इंजिनच सांगत जा.”

फरशीवर पेन रुतत नाही. अक्षर किती चांगलं येतंय.