गॅरेजची वीज, काकूचा हँडपंप

झाशी, २ मार्च २०२५

चि. शर्वरीस अनंतकाकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही उभयता मजेत. बातमी अशी की अंगणापलीकडच्या गॅरेजातून स्कूटर बाहेर आणि लेथ आत! उभा जन्म रेल्वेच्या कारखान्यात टर्नर म्हणून लोखंड कातत काढला. आता रिटायर होऊन पेपर चाळत बसणं मला झेपत नाही. तुझ्या काकूलाही झेपत नाही, असं ती उठताबसता सांगते. मोठ गावचे हरिभाऊ त्यांच्या पिठाच्या चक्कीच्या आसाचे बुश करून द्याल का म्हणून आत्ताच विचारताहेत.

विजेचं सोपं आहे. स्वयंपाकघराच्या बोर्डावरून तार काढायची आणि कपड्यांच्या दोरीशेजारून गॅरेजात न्यायची. पण घरात बिजलीची इंजिनीअर असताना तिला न विचारता केलं तर ती रुसायची. फोनवर नको, माझ्या डाव्या कानात आकडे शिरत नाहीत. कागदावर नकाशा काढून पाठव. माझा बेत खोडलास तरी लोभ आहे तसाच राहील.

तुझा,
अनंतकाका

नाशिक, १० मार्च

ती. स्व. अनंतकाकांस शर्वरीचा शि. सा. न. वि. वि.

लेथचं वाचून आनंद झाला आणि दोरीचं वाचून कपाळाला हात लावला. अहो काका, त्या तारेवर काकू ओली साडी वाळत घालेल!

नकाशा सोबत आहे. मीटरपासून गॅरेजला स्वतंत्र लाइन, जमिनीखालून जाड पत्र्याच्या कवचाची केबल, आणि गॅरेजात वेगळा बोर्ड. त्या बोर्डात एक खास स्विच घ्या, वीज जरा भलतीकडे गळाली की तो आपोआप बंद पडतो. मीटरचा लोड आधी वाढवून घ्या. अर्थिंगसाठी निराळा खड्डा हवाच. झाशीचा दगड फोडताना घाम निघेल, पण तिथे टाळाटाळ नको. सदर बाजारच्या वायरमन विक्रम भैयांना बोलवा, ते अर्थिंग मोजून देतात.

तुमच्या हातांना पुन्हा काम मिळणार, याचं मला फार बरं वाटतंय. बेत खोडला म्हणून रागावू नका; रागावलात तर काकूला सांगीन.

आपली,
शर्वरी

झाशी, १८ मार्च

चि. शर्वरीस वसुंधराकाकूचे आशीर्वाद.

तुझा नकाशा काकांनी भिंतीवर चिकटवलाय. येईल त्याला, आमच्या पुतणीनं काढला म्हणून दाखवतात. केबलची नाली खणून झाली. विक्रम भैया होळीला गावी गेलेत, ते आले की बाकीचं. पण एवढा धीर धरतील तर ते तुझे काका कसले! बोर्डावरून तात्पुरती तार घेऊन ग्राइंडर सुरू केलंच. खड्ड्याचा कंटाळा, म्हणून अर्थिंगची तार अंगणातल्या हँडपंपाच्या नळीला गुंडाळली. म्हणाले, नळी पार पाताळात गेलीय, याहून पक्कं अर्थिंग कारखान्यातही नव्हतं.

माझं म्हणशील तर बरी आहे. पंप मारताना हाताला झिणझिण्या येतात, तेवढंच. साखर वाढली असेल म्हणून यंदा होळीच्या गुजिया, आपल्या करंज्या गं, त्यासुद्धा खाल्ल्या नाहीत. दुपारी काका ग्राइंडरवर असतात, तेव्हा जरा जास्त येतात. दतिया गेटच्या डॉक्टरांना दाखवीन. तू जेवणाची हेळसांड करू नकोस, नाहीतर माझा लोभ डब्यात घालून पाठवावा लागेल.

तुझी काकू

नाशिक, २२ मार्च

ती. स्व. काकांस सा. न.

फोनवर ओरडले, त्याची माफी मागणार नाही. काकूच्या हातांना काहीही झालेलं नाही. तुमच्या ग्राइंडरमधून वीज गळतेय, ती तारेतून पंपात उतरतेय, आणि झाशीच्या कोरड्या दगडात जिरत नाहीये. काकू ओल्यात उभी राहून लोखंडी दांडा धरते, मग ती काकूच्या अंगातून जाते. आज नुसत्या झिणझिण्या आहेत. उद्या त्याच तारेवर लेथ जोडलीत आणि मोटर बिघडली तर काय होईल, ते माझ्याच्यानं लिहवत नाही. आईमागे मला तिनंच वाढवलं. मला दुसरी काकू नाही हो, काका.

तार काढली म्हणालात, विश्वास ठेवते. खड्डा होऊन विक्रम भैया मोजत नाहीत तोवर गॅरेजला कुलूप, आणि किल्ली काकूपाशी. लोभ असू द्या, थोडी धास्तीही असू द्या.

शर्वरी

झाशी, २० एप्रिल

चि. शर्वरीस आशीर्वाद.

साखर तपासली, उत्तम आहे. गुजिया हकनाक सोडल्या!

किल्ली इतके दिवस माझ्या कमरेला होती. काका दाराशी येरझारा घालत, पण एकदाही मागितली नाही. खड्डा मात्र स्वतः फोडला, हाताला फोड येईस्तोवर. विक्रम भैयांनी मोजून पास केला, बटण दाबल्यावर तुझा स्विच कसा खटकन पडतो ते मला दाखवलं, तेव्हा कुठे सोमवारी मी किल्ली दिली. उन्हाळ्यात खड्डा ओला हवा ना, म्हणून सकाळी मी तुळशीला पाणी घालते आणि काका खड्ड्याला. शेजारची जानकी विचारत होती, बाबूजींनी तिथे कुठला देव बसवला म्हणून.

हरिभाऊंचे बुश अजून तसेच पडलेत. लेथवर पहिलं काम काय झालं, सांगू? सागाची एक मूठ. अंगणात येऊन पंपाच्या दांड्यावर बसवली, अनवाणी उभं राहून पहिली बादली स्वतः भरली, मग बाजूला झाले. दुसरी बादली मी भरली, हात अगदी शांत होता.

तुझी काकू