टपालाने गेलेले आमंत्रण

वसई,
दि. ६ मे १९९९

ती. यमुनाताईस,
दिनानाथचा नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे. रविवारच्या लग्नाची तयारी होत आली. सनईवाला तेवढा माझ्या मनासारखा मिळाला नाही. नंदाखालला तुझ्या वाडीतली केळी यंदा कशी आहेत?

ऋतिकाच्या लग्नाची पत्रिका पोचली असेल. मजकूर मीच लिहिला, त्यात चूक सापडणार नाही. प्रत्यक्ष यायचे राहिले ते शब्दकोशाच्या कामामुळे. सध्या इंग्रजीतल्या 'टेल' या एकाच क्रियापदाशी झुंजतो आहे. सांगणे, बजावणे, ओळखणे, चहाडी करणे. श्रमाचा परिणाम अंगावर दिसू लागला तरी इंग्रज लोक हेच क्रियापद वापरतात. प्रत्येक अर्थाला नेमका मराठी शब्द शोधण्यात महिना गेला.

काल ऋतिकाने विचारले, "आत्याला लग्न सांगून आलात ना?"
"पत्रिका टाकली आहे."
"बाबा, अक्षता घेऊन कुणी दारात गेल्याशिवाय आत्या लग्नाला जात नाही. तुम्हीच तर सांगायचात!"

म्हणून संध्याकाळी मी आलो होतो. कुंपणापाशी पोचलो तेव्हा ओटीवर शेजारची भागूबाई तुला डिवचत होती, "सायबानं बहिनीला टपालानं बोलावलंय गो!"
तू म्हणालीस, "कामात असल तो. येल सांगाला. माजा भाऊ हाय, रीत इसरनार नाय."

मी तिथूनच परतलो.

ताई, रीत मी विसरलो नव्हतो. नुसत्या पत्रिकेवर तू येणार नाहीस, हे ठाऊक होते. म्हणूनच ती टपालाने पाठवली. मुलाकडची मंडळी पुण्याची, शिकलेली. त्यांच्यासमोर तू आपल्या घरच्या बोलीत बोलशील, याची मला लाज वाटत होती. आणि तू त्याच बोलीत माझी बाजू घेत होतीस.

उद्या सकाळी अक्षता घेऊन येतो. पण हे आधी तुला कळायला हवे. नाहीतर मला पाहून तू भागूबाईकडे अभिमानाने बघशील, आणि ते मला सोसवणार नाही.

पत्र ऋतिकाच घेऊन येते आहे. तुला अक्षर लागले नाही तर ती वाचून दाखवील. इथवरचे मी तिला आधीच वाचायला दिले. वाचून ती चपला घालून दारात उभी राहिली आहे.

अक्षता घ्यायच्या की नाही, ते तू ठरव. नाही घेतल्यास आणि मांडवात कोणी तुझी चौकशी केली, तर खरे कारण मीच सांगेन. पुण्याच्या मंडळींनाही.

तुझा अपराधी,
दिनानाथ