गल्लीतला बीम

५ जाने., सोम.
कोपऱ्यावरचा बीम आज फोनवरच्या नकाशात टाकला. लूमचा जुना लोखंडी बीम, सूत गुंडाळायचा. मालाचे टेम्पो गल्लीत घुसतात, एकाने ओटा फोडला, म्हणून बायांनी तो आडवा टाकून साखळीने बांधला. नकाशाच्या यादीत अडथळे म्हणून फाटक, खांब, दगड. बीम कुठला असणार? 'ओंडका' निवडलं. शेरा: लूमचा बीम, रस्ता बंद.
लेकीला, शुभांगीला फोटो पाठवला. सासरी धुळ्याला जाण्याआधी तिनेच शिकवलं. "अण्णा, लोकच मिळून बनवतात हा नकाशा. ऐकू आलं नाही तरी इथे अडत नाही."
तिचं उत्तर: अंगठा.

७ जाने.
नकाशावर पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं. नाव नुसतं 'पाऊलवाट'. 'बीम कसा असतो?' पानभर लिहिलं. अठ्ठावीस वर्षं लूमवर, कान त्याच खात्याच्या खडखडाटात गेले, हेही. मग तेवढं खोडलं.

१६ जाने., शुक्र.
समोरच्या सिंधूआक्का दारात. मंगळ-शुक्र डायलिसिसला जातात, फोनवरून बोलावलेल्या रिक्षाने. बायको, मीना गेल्यापासून माझ्या उजव्या कानाशी येऊन बोलणाऱ्या या एकट्याच.
"रिक्षावाला म्हणस, नकाशामा रस्ता बंद शे. माले मोठा रस्तापावत चालनं पडस."
म्हटलं, "ते मीच लिहिलंय, आक्का."
त्या म्हणाल्या, "तुले कोनी सांगेल व्हतं?"
गेल्या.

१८ जाने., रवि.
आक्का बोलत नाहीत. समोरून येतात, पदर सारखा करून पुढे.
पुसून टाकावं वाटलं. पण बीम तर आहेच. पुसला तर टेम्पो परत...
'पाऊलवाट'ला सगळं लिहिलं. उत्तर एका ओळीचं: 'बाजूने किती जागा उरते?'
मोजलंच नव्हतं मी.
शिंप्याची टेप मागून आणली. साडेचार फूट. रिक्षा निघेल, टेम्पो नाही. रुंदी टाकली, 'रस्ता बंद' काढलं.

१९ जाने.
'पाऊलवाट' लिहितो (की लिहिते?), बदल रिक्षावाल्यांच्या फोनवर कधी दिसेल सांगता येत नाही. बोलणं संपू नये म्हणून विचारलं, जेवलात का. उत्तर नाही.
आक्कांना सांगायला गेलो. ऐकून घेतलं. काही म्हणाल्या, पण दारातूनच. कळलं नाही. परत विचारायचा धीर झाला नाही.

२० जाने., मंगळ.
सकाळी साडेआठपासून बीमपाशी उभा. रिक्षा आली, कोपऱ्यावरच थांबली. ड्रायव्हरने फोन पुढे केला, अजून बंदच दिसतोय. हाताने जागा दाखवली. म्हटलं, "निंघी जाई, भाई." तो उतरला, स्वतः पावलं टाकून मोजलं, मग हळू आत घेतली. एका बाजूला चार बोटं उरली.
आक्का बसल्या. जाताना माझ्याजवळ रिक्षा जरा हळू झाली, त्या वाकून काहीतरी बोलल्या. मी कान पुढे करेपर्यंत गेली.
रागावून बोलल्या की नाही, चेहऱ्यावरून सांगता येईना. दीडला परततील. शुक्रवारी दुसरा ड्रायव्हर असेल, पुन्हा इथे उभं राहायला हवं.